सायकलच्या सीटचे माप

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून नाशिकला एका बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली; घरात दोघांनाही चालवता यावी म्हणून फ्रेम यजमानांच्या उंचीला साजेशी निवडली. आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी गंगापूर रस्त्याने वीसेक किलोमीटर फिरून येते. सात-आठ किलोमीटर झाले की पुढच्या नाजूक भागाला रग लागते, मग तो भाग बधिर होतो आणि घरी आल्यावर लघवीला आग होते. दुकानदाराने जेलची रुंद ‘लेडीज सीट’ बसवून दिली, तिच्यावर मी आणखी जेलचे कव्हर चढवले. पण त्रास वाढला आणि मांड्याही सोलवटू लागल्या. गटातील मंडळी म्हणतात, ‘होईल सवय’. मधे भोक असलेली सीट घ्यावी की चामड्याची? खर्च दोन-तीन हजारांत बसावा. दुकानात सगळे पुरुष असतात, त्यांना हे कसे सांगावे तेही कळत नाही. दिवाळीनंतर त्र्यंबकेश्वरला सायकलने जाऊन येण्याचे मनात आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

‘होईल सवय’ या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण तो अर्धाच खरा आहे. नव्याने सायकल चालवू लागलेल्या माणसाची बैठकीची हाडे पहिले दोन-तीन आठवडे दुखतात, त्यांच्यावरची त्वचा हुळहुळते आणि नियमित चालवत राहिले की हे दुखणे खरोखरच ओसरते. बधिरपणाचे तसे नाही. नाजूक भागाला मुंग्या येतात किंवा तेथील संवेदना जाते, तेव्हा तेथील मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दाबल्या जात असतात. तो दाब काढून टाकायचा असतो, अंगवळणी पाडायचा नसतो. तुमच्या बाबतीत तर दोन वर्षे होऊन गेली आहेत, तेव्हा सवयीची वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही.

बसल्यावर शरीराचा भार पेलण्यासाठी श्रोणीच्या, म्हणजे कमरेच्या हाडांच्या सांगाड्याच्या, तळाशी दोन हाडे असतात, तीच बैठकीची हाडे. कडक लाकडी बाकावर ताठ बसून दोन्ही तळवे नितंबांखाली सरकवले, की ती बोटांना स्पष्ट लागतात. या दोन हाडांपासून पुढच्या बाजूला दोन चपट्या फांद्या निघतात आणि एकमेकींकडे कलत जघनास्थीपाशी (ओटीपोटाखाली पुढे लागणाऱ्या हाडापाशी) जुळतात. ताठ बसलेल्या माणसाचा भार मागच्या दोन हाडांवर राहतो. तो हँडलकडे वाकू लागला की श्रोणीही पुढे कलते आणि भार त्या निमुळत्या होत गेलेल्या फांद्यांवर व त्यांच्या मधल्या मऊ भागावर सरकतो. स्त्रियांमध्ये या फांद्यांमधील कोन पुरुषांपेक्षा मोठा असतो, बैठकीची हाडेही एकमेकांपासून सरासरीने अधिक दूर असतात, आणि पुढे वाकल्यावर बाह्य जननेंद्रियांचा मऊ भाग सीटच्या पुढच्या टोकावर थेट टेकतो. सीट अरुंद असेल तर हाडे तिच्या कडांवरून बाहेर घसरतात आणि सगळे वजन मधल्या भागावर येते. मात्र ही सरासरीची गोष्ट झाली. अनेक पुरुषांच्या हाडांमधील अंतर अनेक स्त्रियांपेक्षा जास्त असते, आणि बाहेरून दिसणाऱ्या कमरेच्या घेरावरून किंवा वजनावरून आतल्या हाडांमधील अंतराचा काहीही अंदाज येत नाही. दुकानदार आपल्याकडे एक नजर टाकून रुंद सीट काढून देतो, ते म्हणूनच चुकीचे आहे.

आता जेलविषयी. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिली तर मऊ सीट सुखाची वाटते आणि पहिले दोन किलोमीटर ती सुखाची असतेही. पण कापसाच्या उशीवर दोन बोटे रोवून दाबली की मधला कापूस जसा वर फुगतो, तसेच येथे होते : बैठकीची हाडे जेलमध्ये रुततात, आणि बाजूला सरलेले जेल दोन्ही हाडांच्या मधे, म्हणजे जेथे दाब अजिबात नको तेथेच, वर येते. त्यावर तुम्ही जेलचे कव्हर चढवले, म्हणजे हा फुगवटा दुप्पट केला. शिवाय कव्हर प्रत्येक पायडलबरोबर थोडे थोडे सरकते आणि त्वचा घासते. मांड्या सोलवटण्याचे कारण सीटची रुंदी. पाय खाली जाताना मांडीची आतली बाजू सीटच्या कडेला लागते, शरीर ती कड चुकवण्यासाठी नकळत पुढे सरकते आणि आपण सीटच्या निमुळत्या भागावर जाऊन बसतो, जेथे हाडांना आधारच नसतो. तुमचा त्रास नव्या सीटनंतर वाढला, यात मला तरी नवल वाटत नाही. कव्हर आजच काढून ठेवावे.

रुंद आणि मऊ सीट मुळात वाईट असते, असे मात्र नाही. आपल्या आयांनी चालवलेल्या, पुढचा दांडा खाली वळवलेल्या लेडीज सायकलींना स्प्रिंगांची रुंद सीट असे आणि ती त्या सायकलीला योग्यच होती. हँडल उंच आणि अंगाकडे वळलेले, पाठ ताठ, वेग बेताचा आणि अंतर शाळेपर्यंतचे किंवा मंडईपर्यंतचे. भार पूर्णपणे मागच्या हाडांवर. तीच सीट हायब्रिडवर, जेथे पाठ बरीच पुढे झुकते आणि पाय तास-दीड तास सलग फिरतात, बसवली की तिचे गुण दोष होतात. सीट बसण्याच्या ढबीसाठी असते, आणि ढब सायकल ठरवते.

यासाठीच नवी सीट घेण्याआधी सायकल तुमच्या अंगाला बेतून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. याला पैसे लागत नाहीत. ५ किंवा ६ मिलिमीटरची ॲलन की आणि एक रविवारची सकाळ पुरते. जुनी, सायकलीबरोबर आलेली सीट घरात असेल तर जेलची सीट काढून तीच पुन्हा बसवा आणि तिच्यावरच हे प्रयोग करा.

सर्वांत आधी उंची. सिग्नलला सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकता यावेत म्हणून पुष्कळजणी सीट खाली ठेवतात, आणि आपल्या रस्त्यांवरची रहदारी पाहता ही भीती समजण्यासारखी आहे. पण सीट खाली असली की गुडघे फार दुमडतात, पायांवर यायला हवा तो भार येत नाही आणि पोत्यासारखे सगळे वजन सीटवर पडते. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा : त्या वेळी पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीप्रमाणे चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. एवढी उंची पुरे. याहून वर गेलात तर प्रत्येक फेरीत पाय खाली पोहोचवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलू लागते, आणि सोलवटण्याचे तेही मोठे कारण असते. घरातल्या कोणाला तरी मागून पाहायला सांगितले तर ते लगेच कळते. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, कोरलेली किमान खोलीची रेघ मात्र बाहेर दिसता कामा नये. उंच सीटवरून सिग्नलला थांबण्याची रीत वेगळी असते : ब्रेक लावत सीटवरून पुढे उतरावे, एक पाय जमिनीवर आणि दुसरा पायडलवर ठेवावा. सोसायटीच्या आवारात थोडा सराव केला की ते जमते.

दुसरी गोष्ट हँडलपर्यंतच्या अंतराची, आणि तुमच्या पत्रातील ‘यजमानांच्या उंचीला साजेशी फ्रेम’ हे शब्द वाचून माझी शंका येथेच सर्वांत जास्त आहे. फ्रेम मोठी असली की हँडल लांब पडते. हात तेथवर पोहोचावेत म्हणून शरीर सीटच्या पुढच्या टोकाकडे घसरत राहते, आणि आपण पुन्हा मागे सरकतो, पुन्हा घसरतो. अशा सायकलवर जगातली सर्वोत्तम सीट बसवली तरी उपयोग होत नाही, कारण तिच्या ज्या भागावर बसायचे त्या भागावर आपण बसतच नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलपटू स्त्रियांच्या बाबतीत असे आढळले होते की, हँडल सीटपेक्षा खाली असेल तर पुढच्या नाजूक भागावरचा दाब वाढतो आणि तेथील संवेदना कमी होते. तेव्हा हँडल निदान सीटच्या पातळीला, आणि तुमच्या बाबतीत थोडे वरच असू द्यावे. बहुतेक हायब्रिड सायकलींत स्टेमखालच्या (स्टेम म्हणजे हँडलला सायकलीशी जोडणारा आखूड तुकडा) चकत्या वर-खाली करून किंवा स्टेम उलटा बसवून हँडल उचलता येते. त्याने भागले नाही तर आखूड स्टेम घालता येतो, आणि तो नव्या सीटपेक्षा स्वस्त पडतो. हँडल जवळ यावे म्हणून सीटच भराभर पुढे ढकलू नये. त्याने गुडघ्यांवर ताण येतो. फ्रेम दोघांत वाटून घ्यायचीच असेल तर निदान सीट आणि सीटपोस्ट तरी दोघांचे वेगळे ठेवा. पोस्टवर तुमच्या उंचीची खूण चिकटपट्टीने केली तर अदलाबदल दोन मिनिटांत होते.

तिसरी गोष्ट कल. सीटवर लांबीच्या बाजूने एखादे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे ठेवा आणि त्यावर मोबाइलमधील पातळी दाखवणारे ॲप लावून पाहा. पुढचे टोक किंचितही वर असेल तर तेवढे एक कारणही बधिरपणाला पुरेसे आहे. सुरुवात अगदी सपाट पातळीपासून करावी, मग टोक एकेक अंशाने खाली करत जावे. बहुतेक स्त्रियांना एक ते तीन अंशांत आराम मिळतो. त्याहून जास्त झुकवले तर आपण पुढे घसरतो, ते रोखण्यासाठी हातांवर रेटा येतो आणि मग मनगटे आणि तळवे बधिर होतात. खाली वाकून शर्यत करणाऱ्यांचे गणित निराळे असते. सीट जवळपास सपाटच असली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा नियम अनेक वर्षे होता. २०१६ मध्ये तो सैल करून नऊ अंशांपर्यंत कल मान्य करण्यात आला, आणि त्यामागे ब्रिटिश संघातील स्त्री-खेळाडूंच्या तक्रारींचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकीय चमूचा पाठपुरावा होता. ऑलिंपिकच्या पातळीवरच्या खेळाडूही वर्षानुवर्षे हा त्रास मुकाट्याने सोसत होत्या, ही गोष्ट ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांना ऐकवण्यासारखी आहे.

हे सगळे करून बरेच बरे वाटेल. तरीही रग राहिली तर सीट बदलायची, आणि त्यासाठी आधी माप घ्यायचे. घरी एखादे रिकामे खोके असेलच. त्याचा नालीदार पुठ्ठा, साधारण वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा, कापून घ्या आणि जिन्याच्या पायरीवर किंवा कडक स्टुलावर ठेवा. पातळ कपड्यांनिशी त्यावर बसा, पायांखाली वीट किंवा जाड पुस्तके घ्या म्हणजे गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतील, हँडल धरल्यासारखे पुढे झुका, आणि स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून स्वतःला अर्धा मिनिट खाली ओढा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा धरून वरून फिरवावा, म्हणजे खळगे कोरे राहतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन-तीन वेळा मोजून पाहा, कारण पहिल्या खेपेला माणूस वाकडा बसतो. प्रौढ व्यक्तींमध्ये हे अंतर बहुधा १०० ते १६० मिलिमीटरच्या दरम्यान निघते.

या आकड्यात हायब्रिडसारख्या मध्यम वाकाच्या सायकलीसाठी २० ते ३० मिलिमीटर मिळवावेत. अगदी ताठ बसणारीने आणखी थोडे, खूप वाकणारीने थोडे कमी. समजा तुमचे माप १२५ आले, तर १५० च्या आसपासची सीट पाहावी. चांगल्या कंपन्यांच्या सीटा १४३, १५५, १६८ अशा ठरावीक रुंदींत येतात, त्यांतील १५५ ची तुम्हाला चालेल. येथे एक सावधगिरी हवी. खोक्यावर छापलेली रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची असते, पण कडा गोलाकार उतरत्या असतील तर त्यांच्यावर हाडे टेकत नाहीत, आणि कागदावर १५५ असलेली सीट प्रत्यक्षात बरीच अरुंद ठरते. म्हणून सीट हातात घेऊन मागून, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावी. जेथे तुमचे खळगे येतील तेथे ती सपाट आहे ना, हे पाहणे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. तुमची जेलची सीटही एकदा मोजून पाहा. बाजारात लेडीज म्हणून मिळणाऱ्या अशा सीटा २०० मिलिमीटरच्याही वर जातात.

मधल्या भोकाविषयी तुम्ही विचारले आहे. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८९० च्या दशकात बायका मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बरीच चिंता व्यक्त केली (त्यांतील काही चिंता शरीरापेक्षा नीतिमत्तेच्या होत्या), आणि मधून पोकळ असलेल्या ‘हायजिनिक’ सीटा तेव्हाच विक्रीला आल्या. पुढे हा प्रकार मागे पडला. १९८५ मध्ये जॉर्जिना टेरी या अभियंता बाईंनी स्त्रियांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली आणि त्या कंपनीच्या सीटांमुळे १९९० च्या दशकात मधली पोकळी पुन्हा रूढ झाली. ज्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो अशा बहुतेकींना तिने फरक पडतो, आणि तुमच्या पत्रातील वर्णन पाहता तुम्हालाही पडेल असे मला वाटते. पण पोकळीलाही कडा असतात. भोक फार रुंद असेल किंवा त्याच्या कडा कडक असतील तर मऊ भाग त्यात उतरतो आणि कडेवर चिमटला जातो. काही स्त्रियांना एका बाजूला सूज येते ती याच कारणाने. त्यांना आरपार भोकापेक्षा उथळ, लांबट खाच असलेली किंवा मधला भाग मऊ फोमने भरलेली सीट अधिक मानवते. कोणाला काय मानवेल हे आधी सांगता येत नाही, बसूनच कळते. तुम्ही आरपार पोकळीच्या सीटपासून सुरुवात करा आणि कड टोचली तर खाचेच्या सीटकडे या.

त्याबरोबर लांबीही पाहावी. नेहमीची सीट २७० ते २८० मिलिमीटर लांब असते. गेल्या दहाएक वर्षांत २४० ते २५० मिलिमीटरच्या आखूड टोकाच्या सीटा मोठ्या प्रमाणात आल्या आहेत. पुढे वाकल्यावर दाबणारे टोकच त्यांत कापलेले असल्याने त्या स्त्रियांना सोयीच्या पडतात, जरी त्यांतील कित्येक स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून विकल्या जातात. ‘लेडीज’ या शिक्क्याला मी फारसे महत्त्व देणार नाही. आपल्याकडे तो शिक्का बहुतेक वेळा रुंद, मऊ आणि जांभळ्या शिवणीचा एवढाच अर्थ घेऊन येतो. तुमच्या मापाची रुंदी, मधे पोकळी, आखूड टोक आणि दाबल्यावर किंचितच दबणारा फोम, एवढे जुळले तर ती पुरुषांच्या फळीवर ठेवलेली असली तरी खुशाल उचलावी. तुमच्या अंदाजपत्रकात अशी सीट बसते. कार्बनच्या वजनाने हलक्या सीटांचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नाही.

चामड्याची सीट तुम्हाला सुचवणार नाही. ती निकृष्ट म्हणून नव्हे. १८६६ पासून चालत आलेल्या ब्रुक्स कंपनीची बी-१७ ही सीट लांब पल्ल्याच्या प्रवाशांमध्ये आजही आवडती आहे, आणि ताणलेले चामडे काही शे किलोमीटरनंतर आपल्या हाडांचा साचा घेते हे खरे आहे. पण ती तुमच्या खर्चाच्या मर्यादेबाहेर जाते, सुमारे १७५ मिलिमीटर रुंद असल्याने तुमच्या मांड्यांना पुन्हा लागण्याची शक्यता राहते, आणि नाशिकच्या पावसाळ्यात तिची निगा हे एक कामच होऊन बसते. भिजलेल्या चामड्यावर बसले की ते कायमचे ताणले जाते, आणि वाळवण्यासाठी उन्हात ठेवले तर तडकते.

दुकानातल्या संकोचाविषयी. तेथे शरीराबद्दल काही सांगण्याची गरजच नाही. एका कागदावर लिहून न्या : रुंदी १५५ मिलिमीटर (किंवा तुमचे जे माप निघेल ते), लांबी २५० पर्यंत, मधे पोकळी, फोम मध्यम कडक, खालच्या दांड्या गोल ७ मिलिमीटरच्या. शेवटची बाब तुमच्या सीटपोस्टच्या पकडीत सीट बसण्यासाठी आहे. मोजमाप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार मोजमापाच्या भाषेत बोलतो, हा अनुभव शिंप्याकडे तुम्ही घेतलेलाच असेल. सीट बसत नसेल तर आठ-पंधरा दिवसांत बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. काही मोठ्या दुकानांत परतीची सोय असते. तुमच्या गटात स्त्रिया असतील तर त्यांच्या सायकलीवर आवारात दोन फेऱ्या मारून पाहणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. मला असे वाटते की त्यांच्यापैकी निम्म्या तरी हाच प्रश्न मनात ठेवून आहेत आणि कोणीतरी आधी बोलेल याची वाट पाहत आहेत.

कपड्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते : सलवार किंवा लेगिंगची मधली जाड शिवण, तिच्या आत अंतर्वस्त्राची दुसरी शिवण, असे काही होत आहे का? आत पॅड शिवलेली सायकलिंगची शॉर्ट्स घ्या, स्त्रियांसाठी बेतलेली, जिच्या पॅडवर मधोमध शिवण नाही अशी. ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि वर अंतर्वस्त्र-खाली पॅड किंवा उलट अशा तऱ्हेने घातली की तिचा उपयोग जातो. घट्ट शॉर्ट्सवर रस्त्याने जायचे अवघड वाटत असेल तर वरून पातळ, सैल ट्रॅक पँट घालावी. पॅडवर थोडे पेट्रोलियम जेली किंवा घर्षण कमी करणारे मलम लावता येते. थंडावा देणारे, मेन्थॉलचे मलम मात्र चुकूनही नको. पाळीच्या दिवसांत पंख असलेला नॅपकिन सीटवर घासतो. ज्यांना चालते त्यांनी कप किंवा टॅम्पॉन वापरावा, नाहीतर ते दोन दिवस सायकलला सुट्टी द्यावी. त्या भागातील केस काढून टाकू नयेत, असा सल्ला वर उल्लेख केलेल्या ब्रिटिश चमूने आपल्या खेळाडूंना दिला होता. केस त्वचेचे घर्षणापासून रक्षण करतात, आणि वस्तरा किंवा वॅक्सिंगनंतर तेथे बारीक पुळ्या येणे सोपे होते. घरी आल्यावर शॉर्ट्स लगेच बदलावी, घामेजल्या कपड्यांत चहा-पेपर नको, आणि ती प्रत्येक वेळी धुवावी.

लघवीची आग ही गोष्ट सीटच्या हवाली करून मोकळे होऊ नका. सोलवटलेल्या त्वचेमुळे आग होऊ शकते, तशी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गामुळेही होते, आणि दोन्हींतला फरक साध्या लघवी-तपासणीने कळतो. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिता सायकल चालवणाऱ्या स्त्रिया मी पुष्कळ पाहते. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर संसर्गाला आमंत्रण तेथूनच मिळते. दुसरे म्हणजे तुमचे वय. चाळिशीच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन कमी होऊ लागले की योनीभोवतीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, आणि पूर्वी चालून गेलेला दाब आता सोसत नाही. यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे साधे उपचार असतात. म्हणून नव्या सीटची वाट न पाहता या आठवड्यातच त्यांना भेटा, आणि ‘सायकल चालवते’ हेही सांगा. सायकलवरून उतरल्यानंतर बधिरपणा काही तासांत गेला नाही, एका बाजूची सूज दुसऱ्या दिवशीही राहिली, किंवा कडक गाठ व ताप आला, तर सायकल बंद ठेवून तत्काळ दाखवावे.

राहिले त्र्यंबकेश्वर. एका बाजूचे अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तुमच्या रोजच्या फेरीच्या तिप्पट. नवी सीट लावून थेट तेथे निघू नका. नेहमीच्या रस्त्यावर दोन आठवडे तिच्यावर बसा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे आज कल आणि परवा उंची, नाहीतर कशाने बरे वाटले ते कळणार नाही. त्यानंतर एका रविवारी अंजनेरीच्या फाट्यापर्यंत जाऊन परत या. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पायडलवर उभे राहा, गतिरोधक आला की सीटवरून उठा, आणि ॲलन की खिशात असू द्या : परतीच्या वाटेवर पुढे रग जाणवू लागली तर तेथेच थांबून टोक एक अंश खाली करावे, आणि बैठकीची हाडे सोडून मागचे स्नायू दुखत असतील तर उंची किंचित कमी करून पाहावी. ही फेरी बधिरपणाशिवाय पार पडली, की त्र्यंबकचा दिवस ठरवायला हरकत नाही.